विहिरीच्या पाण्यात गाळ येतोय, कुठला फिल्टर घेऊ? आधी गाळ कुठून येतो ते बघा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मखमलाबादच्या पुढे मळ्यात घर, ४५ फुटांची जुनी दगडी बांधकामाची विहीर, त्यात दोन एचपीची ओपनवेल मोटर (विहिरीच्या पाण्यात बुडवून ठेवायची), गच्चीवर २००० लिटरची टाकी. जून संपला की पाणी गढूळ यायला लागतं, टाकीच्या तळाला बोटभर चिखल बसतो, वॉशिंग मशीनची जाळी चोंदते, पाच मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जंबो फिल्टर बसवला तर तो आठवडाभरही टिकत नाही, आणि आता दुकानदार म्हणतोय सॉफ्टनर घ्या नाहीतर पूर्ण घराला आरओ बसवा. तुम्ही विचारलंय यातला कुठला घेऊ.

आत्ता कुठलाच घेऊ नका. सॉफ्टनर पाण्याचा जडपणा कमी करतो, गाळ काढणं त्याचं कामच नाही, उलट गढूळ पाणी गेलं तर आतलं रेझिन (जडपणा शोषणारे बारीक दाणे) खराब होतं. आरओचंही तेच, मेम्ब्रेनवर (आतल्या बारीक पडद्यावर) चिकणमाती बसली की तो गेला, आणि वर निम्म्याहून जास्त पाणी वाया. मी नाशिक, दिंडोरी, निफाड, सिन्नर या पट्ट्यात मोटरी आणि घरच्या पाण्याची कामं बरीच वर्षं करतोय आणि दरवर्षी पावसाळ्यात बघतो की लोक आधी फिल्टर घेतात, मग त्याहून बारीक फिल्टर घेतात, मग काडतुसांवर (फिल्टरच्या आतल्या बदलायच्या नळकांड्यांवर) पैसे घालत बसतात, आणि विहिरीत वाकून कोणीच बघत नाही. गाळ कसला आहे, कधी येतो आणि कुठून येतो एवढं कळलं तर अर्ध्या घरांमध्ये मोठ्या फिल्टरची गरजच पडत नाही.

पहिलं काम अगदी बिनखर्चाचं. काचेची एक स्वच्छ पारदर्शक बरणी घ्या, मोटर चालू असताना पाणी टाकीत पडतं तिथूनच भरा (नळाचं नको, त्यात टाकीचा गाळ मिसळतो) आणि ओट्यावर जिथे कोणी हलवणार नाही तिथे ठेवा. मिनिटाभरात तळाला काही बसलं तर ती वाळू किंवा मुरमाचा चुरा. तीन-चार तासांनी पिठासारखा थर बसला आणि वरचं पाणी निवळलं तर ती पोयटा माती. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पण पाणी तसंच चहासारखं किंवा राखाडी दिसत असेल तर ती चिकणमाती, काळ्या जमिनीतून येते ती. हा फरक का महत्त्वाचा ते सांगतो. दहा मायक्रॉनच्या कणाला स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला साधारण तीन तास लागतात आणि एक मायक्रॉनच्या कणाला जवळपास दोन आठवडे. चिकणमातीचे कण दोन मायक्रॉनच्या खालचे असतात, म्हणजे तुमचा पाच मायक्रॉनचा फिल्टर पोयट्याने चोंदतो आणि चिकणमाती आरपार सोडतो. फिल्टर बंद पडतो आणि तरी नळाला पाणी गढूळच, ही तुमची तक्रार तिथेच उलगडते.

बरणीत अजून दोन गोष्टी दिसू शकतात. पाणी भरलं तेव्हा नितळ होतं आणि तास-दोन तासांनी पिवळसर तांबूस झालं तर ते विरघळलेलं लोह, त्याला हवा लागली की ते गंजासारखं बाहेर येतं. ते आधी हवेशी मिसळून, मग बसवून काढावं लागतं, साध्या काडतुसाने थांबत नाही. आणि गीझरमधून किंवा सोलरच्या लाईनमधून पांढरी खर येत असेल तर त्यावर लिंबू पिळा, फसफसलं तर तो क्षार आहे, विहिरीचा गाळ नाही. तिथे मात्र जडपणाचा विचार करावा लागेल, पण तो वेगळा विषय.

दुसरं काम, वेळ बघायची. मोटर चालू केल्यावर पहिली दोन-तीन मिनिटंच घाण येते आणि मग साफ होतं, की सुरुवातीला साफ आणि अर्ध्या-पाऊण तासाने गढूळ व्हायला लागतं, की पूर्ण वेळ एकसारखं, की फक्त मोठा पाऊस झाला की चोवीस तासांत. एक वही घ्या आणि चार दिवस लिहून ठेवा, पाऊस किती, मोटर किती वेळ, बरणी कशी. पहिल्या मिनिटांची घाण असेल तर ती पाईपात साठलेली किंवा मोटरच्या तोंडाशी बसलेली. उशिरा येणारी घाण म्हणजे विहिरीला जेवढा झरा आहे त्यापेक्षा जास्त पाणी आपण ओढतोय, पातळी खाली जाते, तळाचं ढवळून निघतं. पावसानंतर लगेच येणारी घाण म्हणजे वरचं पाणी न गाळता थेट विहिरीत उतरतंय. आणि हे शेवटचं मला सगळ्यात जास्त काळजीचं वाटतं, कारण मातीबरोबर आणखी काय काय उतरतं ते डोळ्याला दिसत नाही.

एक उदाहरण सांगतो. आडगावच्या बाजूला एका मळ्यात असंच बोलावलं होतं, सगळे म्हणत होते विहिरीचा गाळ काढायला झाला. मी कठड्यावरून टॉर्च मारला तर पाण्याच्या वर सात-आठ फुटांवर दोन दगडांच्या सांध्यातून बोटाएवढी धार आत पडत होती आणि तिच्या खालचे दगड तपकिरी होऊन गुळगुळीत झाले होते. वर येऊन त्या बाजूला चालत गेलो तर गोठ्याचं पाणी वाहून नेणारी चारी बरोबर तिथून पाच पावलांवर. घुशींनी बीळ करून ठेवलेलं, चारीतलं पाणी बिळात, बिळातून बांधकामाच्या मागे आणि तिथून विहिरीत. त्या घरात लहान मुलं होती आणि पोटाच्या तक्रारी चालूच होत्या. चारी लांबवली, बीळ खोदून मुरूम आणि सिमेंटने बुजवलं, सांधे भरले. पाणी निवळलं, एकही फिल्टर न विकता.

म्हणून तुम्ही पण एकदा चांगला पाऊस पडून गेला की विहिरीभोवती फिरा. कठडा जमिनीपासून निदान दोन-अडीच फूट वर आहे का. भोवती ओटा आहे का, त्याला चिर गेली का, त्याचा उतार बाहेरच्या बाजूला आहे का, की पाणी कठड्यालाच टेकून साठतं. बांधकामाच्या मागची माती खचून खड्डा पडलाय का. मग आत टॉर्च मारा आणि वरच्या दहा-पंधरा फुटांत कुठे ओल, ओघळ, झाडाची मुळं दिसतात ते बघा. वडा-पिंपळाचं रोप उगवलं असेल तर ते सांधे फोडतंच, ते आत्ताच काढा. वरचं दहाएक फूट बांधकाम पक्कं आणि पाणी न झिरपणारं पाहिजे आणि भोवती निदान मीटरभर रुंद ओटा पाहिजे, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीतून गाळून, खालच्या मुरमातून फिरून मगच विहिरीत येतं. आपल्याकडची जमीन समजून घ्या, वर काळी माती, तिच्या खाली मुरूम, मग मांजऱ्या (मुरमाखालचा मऊ खडक) आणि त्याखाली काळा पाषाण. विहिरीला खरं पाणी देतो तो मुरूम आणि मांजऱ्यातल्या भेगा. काळ्या मातीचं पाणी जेवढं रोखाल तेवढी चिकणमाती कमी. मध्येच कुठे लाल गेरूसारखा पट्टा लागला असेल तर तो भिजला की सुटतो आणि पाणी लालसर करतो, विहीर ज्यांनी खोदली त्यांना किंवा घरातल्या जुन्या माणसांना विचारा, त्यांना कितव्या फुटाला काय लागलं ते बरोबर आठवत असतं.

कालव्याजवळची विहीर असेल तर आवर्तन (कालव्याला ठराविक काळाने सोडतात ते पाणी) सुटल्यावर पातळी एकदम चढते, तेव्हाही दोन-चार दिवस पाणी गढूळ होऊ शकतं, कारण कोरडे पडलेले सांधे पुन्हा भिजतात. ते आपोआप बसतं, त्यासाठी घाबरून खर्च करू नका.

आता मोटर. ओपनवेल मोटर बहुतेक जण तळाला टेकवून ठेवतात, म्हणजे पाणी शेवटच्या थेंबापर्यंत ओढता येतं म्हणून. मग ती गाळच ओढणार ना. तळापासून निदान तीन-चार फूट वर घ्या, लोखंडी स्टँडवर ठेवा किंवा नायलॉनच्या दोरावर लटकवा, केबलवर भार येऊ देऊ नका. मोटर गाळात रुतली तर तिच्या बॉडीभोवती पाणी फिरत नाही, ती गरम होते आणि वाइंडिंग जळतं, आणि वाळूने इंपेलर घासतो ते वेगळंच. तुमच्याकडे आत्ता पाणी भरपूर आहे, त्यामुळे मोटर वर घ्यायला हाच काळ सोपा आहे, फक्त उन्हाळ्यात पातळी उतरली की पुन्हा बघायचं.

आणि दोन एचपी मोटर घराला कशाला हो? शेतीला तीच वापरत असाल तर समजू शकतो, पण नुसती २००० लिटरची टाकी भरायला ती गरजेपेक्षा मोठी आहे. डिलिव्हरीला (मोटरमधून वर येणाऱ्या पाईपला) गेट व्हॉल्व्ह असेल तर तो थोडा आवळून बघा, टाकी भरायला दुप्पट वेळ लागू दे, पण झऱ्याच्या चालीने पाणी ओढलं जाईल आणि तळ ढवळणार नाही. पूर्ण बंद करून मोटर चालवायची नाही. बऱ्याच ठिकाणी एवढ्याने बरणीत लगेच फरक दिसतो.

मग टाकी. वरची टाकी हा तुमचा फुकटचा गाळ बसवायचा हौद आहे पण तिची पाईपजोडणी चुकीची असते. पाणी वरून धो-धो पडतं आणि तळाचा चिखल प्रत्येक वेळी उठतो, आणि घराला जाणारी लाईन अगदी तळातून काढलेली, म्हणजे सगळ्यात घाण पाणी घरात. पाणी येतं तिथे एल्बो लावून ते टाकीच्या भिंतीवरून उतरेल असं करा, घराची लाईन तळापासून चार इंच वरून घ्या, आणि अगदी तळाला वेगळा वॉशआऊट कॉक ठेवा, पावसाळ्यात दोन दिवसाआड तो मिनिटभर उघडायचा. जागा आणि पैसे असतील तर खाली अजून एक टाकी किंवा हौद घ्या, विहिरीचं पाणी रात्री त्यात, सकाळी निवळलेलं वर. वाळू आणि पोयटा तिथेच बसून जाईल.

चिकणमाती मात्र अशी बसत नाही, तिला तुरटी लागते. आपल्या आजी तुरटीचा खडा फिरवायच्या ते अगदी बरोबर होतं, पण हजार लिटरला अंदाजाने खडा फिरवून चालत नाही, म्हणून माप काढायची सोपी पद्धत सांगतो. दहा ग्रॅम तुरटी कुटून एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवा. एकेक लिटरच्या पाच बाटल्या गढूळ पाण्याने भरा, औषधाच्या दुकानातली सुई नसलेली सिरिंज घ्या आणि पहिलीत १ मिली, दुसरीत २, असं पाचवीत ५ मिली टाका. मिनिटभर जोरात हलवा, मग दहा मिनिटं अगदी हळू हळू फिरवत राहा, तुम्हाला पाण्यात बारीक कापसासारखे पुंजके धरताना दिसतील. अर्धा-पाऊण तास ठेवा. ज्या बाटलीत सगळ्यात कमी तुरटीत पाणी निवळलं तेच तुमचं माप, तिसरीत निवळलं तर हजार लिटरला ३० ग्रॅम. पाचवीत पण नाही निवळलं तर अजून पाच बाटल्या, १० मिलीपर्यंत जा. जास्त टाकली म्हणजे जास्त साफ होतं असं नाही, उगाच पाणी तुरट होतं. ही तुरटी खालच्या हौदात टाकायची, विरघळवून, काठीने ढवळून. विहिरीत नाही टाकायची आणि घराला चालू असलेल्या वरच्या टाकीत पण नाही, कारण खाली बसलेला गाळ तुम्हाला काढून टाकता आला पाहिजे. आणि पावसाचा जोर बदलला की माप बदलतं, पुन्हा बाटल्या मांडा, तासाभराचं काम आहे.

एवढं झाल्यावर फिल्टर. क्रम असा ठेवा की मोठं आधी, बारीक नंतर. तुमच्या बरणीत वाळू दिसली तरच मोटरच्या डिलिव्हरीवर ठिबकवाल्यांकडे मिळतो तो हायड्रोसायक्लॉन (पाणी गरगर फिरवून वाळू वेगळी करणारा) किंवा १२० मेशचा डिस्क फिल्टर लावा. १२० मेश म्हणजे साधारण १३० मायक्रॉन, वाळूला उत्तम, चिकणमातीला तो पुरणाच्या जाळीने पाणी गाळल्यासारखाच. टाकीनंतर ५० मायक्रॉनचा धुवून वापरता येणारा, मग २० मायक्रॉनचा वीस इंची जंबो, आणि पाच मायक्रॉन फक्त स्वयंपाकघरातल्या पिण्याच्या नळाला. पूर्ण घराला पाच मायक्रॉन लावायचा हट्ट सोडा. गच्चीवरच्या टाकीचं प्रेशर तसंही किती असतं, दहा फूट उंचीला जेमतेम ०.३ किलो, त्यात बारीक काडतूस थोडं जरी भरलं तरी शॉवरला धार येत नाही. काडतूस कधी बदलायचं ते रंगावरून ठरवू नका, नवीन असताना बादली किती वेळात भरते ते लिहून ठेवा आणि दीडपट वेळ लागायला लागला की बदला. मोटरच्या डिलिव्हरीवर बारीक काडतूस कधीच लावू नका, ते चोंदलं की हाऊसिंग फुटतं.

इथे एक गोष्ट जीव तोडून सांगतो, कारण आपल्याकडे द्राक्षाच्या मळ्यांमध्ये हे सर्रास बघतो. ठिबकच्या हेडला सँड फिल्टर, डिस्क फिल्टर सगळं तयार असतं म्हणून लोक घराची लाईन तिथूनच काढतात. त्याच हेडवर व्हेंचुरीतून खतं सोडली जातात, ठिबक धुवायला ॲसिड सोडलं जातं. घराची लाईन व्हेंचुरीनंतर असेल तर ते सगळं टाकीत येतं, आणि आधी असेल तरी मोटर बंद झाल्यावर पाणी उलटं फिरून विहिरीत आणि घरात जाऊ शकतं. घरची लाईन पूर्ण वेगळी घ्या, निदान व्हेंचुरीच्या आधी आणि चांगला एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) लावून. फवारणीचा पंप भरायचा पाईप पण विहिरीत सोडून ठेवू नका.

पाणी निवळलं म्हणजे पिण्यासारखं झालं असं नाही, पण निवळल्याशिवाय क्लोरीनचा उपयोग होत नाही, मातीच क्लोरीन खाऊन टाकते आणि जंतू मातीच्या कणाआड सुरक्षित राहतात. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा १ एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) आत पाहिजे, दुसरा स्रोत नसेल तर जास्तीत जास्त ५. निवळलेल्या हजार लिटरला चांगल्या प्रतीची अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर, आणि निदान अर्धा तास थांबून वापर. तोपर्यंत लहान मुलांचं आणि म्हाताऱ्या माणसांचं पाणी उकळूनच द्या.

गाळ काढायचं काम आत्ता नाही, ते एप्रिल-मे मध्ये, पातळी सगळ्यात खाली असते तेव्हा. तेव्हाच आतून सांधे पण भरून घ्या. यारी (विहिरीतून गाळ वर ओढायचं यंत्र) लावणारे लोक मिळतात, पण काम देताना एक अट घाला आणि त्यात अजिबात ढिलाई करू नका, विहिरीत हवा तपासल्याशिवाय कोणी उतरणार नाही. जुन्या गाळाच्या विहिरीत कार्बन डायऑक्साईड साठतो, ऑक्सिजन कमी असतो, गाळ हलवला की विषारी वायू पण निघू शकतो, आणि माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडतो. मग त्याला काढायला दुसरा उतरतो, त्याच्यामागे तिसरा, अशाच एका घरातली दोन-तीन माणसं जातात. दिवा सोडून बघणं पुरेसं नाही, दिव्याला सगळे वायू कळत नाहीत. गॅस मीटर असलेला माणूस बोलवा, आधी ब्लोअरने बराच वेळ हवा सोडा आणि काम चालू असताना पण चालू ठेवा, उतरणाऱ्याच्या अंगाला पट्टा आणि दोर, दोराशी वर दोन माणसं. डिझेल किंवा पेट्रोलचा पंप विहिरीत उतरवू देऊ नका, त्याचा धूर खालीच साठतो. आणि खाली कोणी कोसळलं तर दोराने वर ओढायचं, मागून उतरायचं नाही, हे काम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना मोठ्याने सांगा.

गाळ निघाल्यावर पाणी साफ येईपर्यंत उपसा करून टाका, मग पुन्हा पाणी भरलं की ब्लीचिंग. विहिरीतलं पाणी मोजायला व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले ०.७८५, सगळं मीटरमध्ये, आलेल्या आकड्याला हजाराने गुणलं की लिटर. पाच मीटर व्यास आणि तीन मीटर पाणी असेल तर साधारण ५९ हजार लिटर, म्हणजे दीडशे ग्रॅम पावडर. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून ती बादली दोराने विहिरीत सोडून वर-खाली करायची म्हणजे सगळीकडे मिसळतं. रात्रभर मोटर बंद.

त्यानंतर क्लोरीनचा वास पूर्ण गेला की नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या. जंतूंच्या तपासणीची बाटली त्यांच्याकडूनच निर्जंतुक केलेली आणायची, घरची धुतलेली बाटली चालत नाही, आणि नमुना थंड ठेवून त्याच दिवशी पोचवायचा. एक नमुना मे महिन्यात आणि एक भर पावसात, श्रावणात. दुरुस्ती खरंच जमली का ते दुसऱ्या रिपोर्टवर कळेल, उन्हाळ्यात तर सगळ्याच विहिरी बऱ्या दिसतात. तोपर्यंत बरणीत काय बसलं आणि किती वेळात बसलं तेवढं सांगा, तुरटीचं गणित आपण मिळून बसवू.